मुरलीचं बेस स्टेशन

"आवाज इतका लांब जातोय, मग उत्तर का येत नाही, चाचा?"

मुरलीनं हसनचाचांना विचारलं. दारात चपला काढून ते आत आले आणि टेबलापाशी बसले.

टेबलावर त्यांचाच जुना सीबी वायरलेस सेट होता, जन्मभर त्यांच्या होडीवर वाजलेला. होडी विकली तेव्हा चाचांनी तो मुरलीला दिला, कारण वायरलेसचं सगळं काम मुरली त्यांच्याकडेच शिकला होता. पण पठ्ठ्या कसला स्वस्थ बसतोय! त्यानं सेटला ट्रकची बॅटरी जोडली, कौलांवर बांबू उभारून एरियल चढवली आणि राहत्या घराचं बेस स्टेशन करून टाकलं. माझ्या सेटवर खरखर नावालाही नाही, असं तो बंदरभर सांगत फिरायचा. ऐकणाऱ्यांचे कान किटले होते.

आज मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. थोरला भाऊ वासुदेव काल होडी घेऊन गेला, तो सकाळी यायचा. जेवणवेळ टळली तरी पत्ता नाही. बरोबरच्या होड्या परत आल्या होत्या. त्यातली माणसं शोधायला निघायला तयार होती, पण जायचं कुठे?

वहिनी उंबऱ्यावर बसून होती. सकाळपासून तिनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

मुरली माईक हातात धरून वासुदेवच्या होडीवरच्या सेटला एकसारखा हाका मारत होता. एक संपली की लगेच दुसरी. बिचाऱ्याचा घसा बसला होता.

चाचांनी हात पुढे केला. आता चाचा हाक मारणार, म्हणून मुरलीनं मोठ्या आशेनं माईक त्यांना दिला.

चाचांनी तो खुंटीला टांगला.

मग खरखर दाबायचं, आणि तिच्याबरोबर लांबचा बारीक आवाजही गिळणारं, बटण त्यांनी उलटं फिरवलं, पार शेवटपर्यंत. घरभर खरखर सुरू झाली.

"चाचा, यात काय ऐकू येणार?"

"माईकचं बटण दाबलेलं असताना सेट ऐकतो का रे?"

हे तर चाचांनीच मुरलीला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

खरखर चालूच...

मुरलीचा हात पुन्हा खुंटीकडे गेला. "भाऊजी, बसा," वहिनी हळूच म्हणाली. तो बसला.

खरखर...

आणि त्या खरखरीत कुणीतरी बोललं. बारीक, तुटक. वासुदेवच होता! इंजिन बंद पडलं होतं, बॅटरी उतरत आली होती, दीपस्तंभाच्या दक्षिणेला नांगर टाकून माणसं सुखरूप होती.

"मुरली, सकाळपासून बोलतोय रे," तो म्हणाला. "तू ऐकतच नाहीस."

चाचांनी माईक मुरलीच्या हातात दिला. आम्ही येतोय, एवढंच त्याला कसंबसं बोलता आलं. वहिनी तशीच अनवाणी बंदराकडे धावत सुटली.

मुरलीला रडू आवरेना. त्यानं चाचांचे पाय धरले. आज तुम्ही आमचं घर वाचवलंत, म्हणाला. जन्मभर विसरणार नाही, म्हणाला. डोळे पुसत उठला आणि बंदरावर जायच्या घाईत सेट बंद करायला वाकला.

चाचांनी त्याचं मनगट धरलं.

"हे उपकार मी कसे फेडू, चाचा?"

चाचांनी त्याला खुर्चीत बसवलं.

"सेट चालू राहू दे. दर्यात अजून होड्या आहेत."