चिंधामाय आणि जळालेलं मोहोळ

फार वर्षांपूर्वी, आमच्या नदीकाठच्या धिवरांच्या, मासेमारांच्या वस्तीत चिंधामाय नावाची म्हातारी राहत होती. नदीचं पाणी ओसरलं की सगळी वस्ती वाळूत टरबुजांचे वेल लावायची, आणि पावसाळा लागेपर्यंत त्यांच्यावरच घराघरातली चूल पेटायची.

एका साली उंबरावरच्या मोहोळातल्या माश्यांनी तिच्या नातवाला फोडून काढलं. पोर कसंबसं वाचलं. पण म्हातारीचं डोकं फिरलं. पुरुषांच्या मागे लागून तिनं ते मोहोळ तर जाळायला लावलंच, आसपासची लहानसहान मोहोळंही सोडली नाहीत.

पुढे वेल फुलले. पण फुलाखालची हिरवी गोळी फुगायच्या आत सुकून गळायची. कुणी नदीचा कोप म्हणालं, कुणी बियाण्याला नावं ठेवली. चिंधामाय रोज सकाळी वेल चाचपत फिरायची.

असं म्हणतात, की एका सकाळी तिला पंख जळालेली एक माशी दिसली. उडता येईना, म्हणून ती वेलावरून सरपटत होती. बिनगोळीच्या फुलात शिरायची, पिवळी भुकटी अंगाला माखून गोळीच्या फुलात जायची. काही दिवसांनी तेवढ्या एकाच वेलाला फळ धरलं. ते पाहून चिंधामायनं सुनेला वेलाजवळ बोलावलं.

"पोराले वाचवलं म्हनत होती मी," ती सुनेला म्हणाली. "त्याच्या तोंडचा घास मीच जाळला वो बाई."

दुसऱ्या दिवसापासून म्हातारी रांगत रांगत फुलाला फूल लावत सुटली. पण फुलं सकाळी उमलायची नि दुपारी मिटायची, आणि वेल तर नदीभर. गुडघे सोलले, ऊन चढलं, फुलं मिटू लागली. तेव्हा तिनं हात जोडले. "राग माह्यावर धरा, मायांनो. वेलायवर नोका धरू."

असं म्हणतात, की पलीकडच्या तीरावरून घोंघाट आला. माश्या तिच्या अंगावर अशा बसल्या की नुसते डोळे दिसत होते. एकही डसली नाही. मग त्या वेलांवर पांगल्या, आणि वाळूत म्हातारीचं नुसतं लुगडं उरलं. खरंखोटं नदीला ठाऊक.

आजही आमच्याकडे पहिलं टरबूज माणसं खात नाहीत. ते फोडून चिंधामायच्या नावानं वाळूवर ठेवतात आणि सगळे गप्प बसून राहतात. एखाद्या साली उशीर होतो. पोरं चुळबुळतात, बायांचा जीव टांगणीला लागतो. पहिली माशी येऊन त्या लाल गरावर बसली, की मगच वस्तीत कुणीतरी बोलतं.