पुरणाच्या चाळणीतली आई

नगर काही आटपाट नव्हतं. साधंच गाव, गावात गंगूमामीचं घर, घरामागे पारिजातकाची इवलीशी बाग, आणि बागेतल्या धुण्याच्या दगडापाशी बसलेली आठ वर्षांची ठकू. आई गेल्या वर्षी वारली, तेव्हापासून ती मामीकडेच होती. मामी लग्नामुंजींना पुरणपोळ्या करून द्यायची. पोळ्या मामीच्या, चाळण्या ठकूच्या! पिठाची चाळण, रव्याची चाळण, चहाची गाळणी, आणि सगळ्यांत छळणारी ती पुरणाची पितळी चाळण. तिच्या चिमुकल्या भोकांत पुरण असं वाळून बसायचं, की ते काढता काढता बोटं सोलून निघायची.

"प्रत्येक भोकातून सूर्य दिसला पाहिजे," मामी बजावायची. "एक जरी बुजलेलं सापडलं, तर आज जेवण नाही!"

आणि मामीला एखादं सापडायचंच. त्या बाबतीत मेलीची नजर भारी तेज होती.

एके सकाळी ठकूने चाळण उन्हात धरली, तर मधल्या भोकात काहीतरी गुलाबी गुलाबी लुकलुकलं.

"अगं, हळू! तारेची घासणी नको लावूस, माझे पंख फाटतील!"

अगंबाई! पुरणाच्या गोड वासाने आलेली नखाएवढी परी गुळाच्या चिकट्यात अडकली होती. ठकूने घासणी बाजूला ठेवली. कोमट पाणी थेंब थेंब सोडत, कडुनिंबाच्या काडीने गूळ हळूहळू सुटा केला. त्यात दुपार झाली. "एका चाळणीला एवढा वेळ? बस उपाशी!" असं म्हणून मामीने ताट उचललं, ते वेगळंच.

परीने मोरपंखी पंख झटकले, तशी पारिजातकाच्या फुलांवर सोनेरी चमचम सांडली. "माग, सोनुले. काय हवं तुला?"

"आई," ठकू म्हणाली. दुसरं काय मागणार?

"ती परत नाही गं आणता येत. पण दाखवीन. ही चाळण लख्ख घासून दगडावर उन्हात धर. रोज आई येईल, बोलेलसुद्धा. नियम एकच. या चाळणीतून खोटं खाली पडत नाही. आईशी एक शब्द जरी खोटा बोललीस, तर ती पुन्हा कधीच दिसणार नाही."

"मी कशाला आईशी खोटं बोलू?" ठकू हसली.

दुसऱ्या दिवशी तिने चाळण धरली. उन्हाचे ठिपके दगडावर थरथरले, सरकले, जवळ आले. कपाळावरचं कुंकू, चाफेकळी नाक, आईच!

"ठकूबाई, वेणी कोणी घातली गं?"

"माझी मीच."

"वाकडी झालीये हो!"

दोघी पोट धरून हसल्या. असं सुख ठकूला वर्षभरात मिळालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आईने विचारलं, "बोटांना काय झालं?"

"चाळणीने सोलली," ठकूने खरं ते सांगितलं. ठिपके डोळ्यांपाशी थरथरले आणि खालचा दगड ओला झाला. आई रडत होती. जवळ घेता येईना, फुंकर घालता येईना, नुसतीच रडत होती. ठकूला दिवसभर काही सुचलं नाही.

चौथ्या दिवशी ठकूच्या पोटात आदल्या सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. तिने तशीच चाळण घासली, धरली.

"ठकू, जेवलीस का?"

बाई गं! आजारपणात आपल्या वाटची भाकरीसुद्धा लेकीच्या हातात ठेवणारी ती आई. हिला काय सांगायचं? खरं सांगितलं तर ती आज रडेल, उद्या रडेल, रोजच रडेल. खोटं सांगितलं तर उद्या ती नसेलच. ठकूने आईचा चेहरा एकदा नीट, डोळे भरून पाहून घेतला.

"हो आई. पोटभर जेवले."

"गुणाची गं माझी बाय! आता माझा जीव शांत झाला." आई अशी काही हसली, की सारा दगड उजळला. मग एकेक ठिपका सुटला, आणि नुसतं ऊन उरलं.

परी आली. तिचेही डोळे भरलेले होते. "नियम मला मोडता येत नाही गं. पण तुझं खोटं मी खरं करते." तिने चाळणीवरून पंख फिरवला, आणि खाली तुपाने माखलेली गरम पुरणपोळी आली. "आता तू कधी उपाशी राहणार नाहीस. रोज इथे तुझं पान वाढलेलं असेल." एवढं बोलून ती सोनेरी उजेडात विरघळून गेली.

ठकूने पोळी खाल्ली. रडत रडत खाल्ली. पोट खरंच भरलं.

मामीला मग कधी बुजलेलं भोक सापडलं नाही. ठकू रोज चाळण लख्ख घासते, दगडावर धरते आणि सांगते, "जेवले गं आई." आता ते अगदी खरं असतं. ठिपके मात्र गप्प असतात.

चांगुलपणाचं फळ मिळालं, मुलांनो. हवं तर या कहाणीला सुफळ म्हणा. संपूर्ण म्हणायला माझी जीभ वळत नाही.