दयाळाची चाल

रानात अजून पायवाटाही पडल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. दयाळ पक्ष्याने एक नवी चाल बांधली. नकला करण्यात पटाईत असलेल्या कोतवाल पक्ष्याने ती ऐकली आणि आपली म्हणून रानभर गायली. पाखरांनी खूश होऊन त्याला घरट्यासाठी उंबराची सर्वांत चांगली फांदी देऊ केली. तेव्हा दयाळाने म्हाताऱ्या धनेश पक्ष्याकडे दाद मागितली.

धनेश म्हणाला, “सूर साऱ्या रानाचे आहेत, ते कुणीही घ्यावेत. पण चाल बांधणाऱ्याची असते. दोघेही गाऊन दाखवा.”

दोघे गायले. कोतवाल ऐटीत म्हणाला, “ऐकलंत ना? मधली ती खास मुरकी त्याच्या गाण्यात आहे का? मग चाल माझीच!”

“कशी सुचली रे ती मुरकी?”

“सुचते कसली? रियाज करावा लागतो, आजोबा.”

धनेशाने आपली लांब चोच फांदीवर घासली. “दयाळाने चाल बांधली त्या दिवसांत त्याच्या घशात नाकतोड्याची तंगडी अडकली होती. पुढे मीच ती या चोचीने काढली. तू मुरकी म्हणतोस, तो त्याचा खोकला आहे.”

त्या संध्याकाळी उंबराच्या फांदीवर बसून दयाळ गायला, आणि मधेच एकदा मुद्दाम खोकला.