गाडीच्या पोटावरचा ठसा

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध गृहस्थ राहत असत. सगळे त्यांना नाना म्हणत. नानांना नाद होता गाड्यांचा. खऱ्या नव्हे, तळहातावर मावतील अशा. त्यातही शर्यतीच्या जुन्या गाड्यांचा. लांबोडक्या, उघड्या चाकांच्या, ज्यांत एकच माणूस कसाबसा शिरून बसेल अशा. जुन्या बाजारातून, परगावच्या हौशी मंडळींकडून अशा मोडक्या प्रतिकृती ते आणीत, दुरुस्त करून रंगवीत आणि काचेच्या कपाटात मांडीत. रस्त्याने जाणारा खिडकीपाशी क्षणभर थांबल्यावाचून पुढे जात नसे. शेजाऱ्यांचे तर विचारूच नका. आत काय चालले आहे ते पाहायला साखरेची रिकामी वाटी पुरते.

नानांच्या घरची एक रीत होती. गाडी पुरी झाली की ती उलटी करायची आणि तिला ज्याचा ज्याचा हात लागला असेल त्याने रंगात बुडवलेले बोट तिच्या पोटावर टेकवायचे. कुठे पत्र्याचे सांधे डाग देऊन जोडणाऱ्या तांबटाचे बोट होते, कुठे नानांच्या दिवंगत पत्नीचे. मग गाडी सरळ करून ठेवायची. ते ठसे कुणाला दिसत नसत, आणि कुणी मुद्दाम दाखवीतही नसे.

या नानांकडे श्रीरंग नावाचा एक गृहस्थ शिकायला येई. पतपेढीत नोकरी, चाळिशी उलटलेली, पण कपाटासमोर उभा राहिला की डोळे लहान मुलाचे. नानांनी त्याला एक मोडकी हिरवी गाडी दिली आणि म्हणाले, "ही तुझी पहिली. हिला उभी कर."

बाकी सगळे जमले, चाके जमेनात. त्या काळच्या गाड्यांना सायकलसारखी तारांची चाके असत. केसाएवढ्या तारा एकमेकींवरून नेमक्या ओढून बसवायच्या. श्रीरंगाच्या हातून तार तुटे, तो चिडे, आणि शेजारी ठेवलेला चहा निवून जाई.

एका दुपारी घरी त्याची बायको म्हणाली, "द्या इकडे. नाहीतर शर्यतीच्या गाडीची बैलगाडी कराल."

तिच्या माहेरी दागिने गाठवण्याचे काम. लहानपणापासून मणी ओवत आलेले हात. नाकावर चष्मा ठेवून दुपारच्या दुपारी ती बसली आणि चारही चाके तिने ओवून दिली. गाडी पुरी झाली तेव्हा रीतीप्रमाणे नानांसमोर श्रीरंगाने पोटावर अंगठा टेकवला. तिने करंगळी. "पहिल्या बोटाला तव्याचा चटका बसलाय," म्हणाली, आणि ठसा उमटला तो वाकून पुन्हा पाहिला. उगाचच हसली.

पुढचे पाऊल अगदी लहान होते. गाडी पाहायला आलेल्या कुणीतरी विचारले, "चाकंसुद्धा तुम्हीच ओवलीत?"

श्रीरंग म्हणाला, "हो तर."

एवढेच. बायको आत होती, आणि कुठे सगळे सांगत बसायचे? पण एकदा म्हटलेले दुसऱ्यांदा म्हणावे लागले, आणि तिसऱ्यांदा ते आपोआपच तोंडातून आले.

मग गावच्या वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन ठरले. परगावचे जाणकार येणार होते, आणि जाणकारांना गाडी हातात आली की उलटी करून पाहायची खोड असते. श्रीरंगाच्या मनात ते कुसळासारखे सलू लागले. अंगठ्याशेजारी ती इवलीशी करंगळी; कुणीही विचारील, ही कुणाची? प्रदर्शनाच्या सकाळी त्याने काळा रंग घेतला आणि करंगळीवरून ब्रश फिरवला. एवढासा तर डाग, असे स्वतःला सांगितले आणि घाईघाईने आंघोळीला गेला.

सभागृहात त्याची हिरवी गाडी मधल्या टेबलावर होती. लोक वाकवाकून पाहत होते. "काय चाकं आहेत हो! डोळ्यांत तेल घालून केलंय काम." श्रीरंग हात जोडून हसत होता. मागच्या खुर्चीवर त्याची बायको मांडीवर डबा घेऊन बसली होती. शेजारच्या बाईंनी तिला विचारले, "तुम्हीपण काही करता का हो यात?"

"मी ना? मी चहा करते," ती म्हणाली.

श्रीरंगाने ते ऐकले. त्याचे हसू तोंडावर तसेच राहिले, पण आतून काहीतरी निसटले.

एवढ्यात नानांचा सत्कार झाला. शाल पांघरून नाना बोलायला उठले आणि एक शब्दही न बोलता आपल्या गाड्यांच्या टेबलाशी गेले. तिथे त्यांनी एकेक गाडी उचलली आणि चाके वर करून उताणी ठेवली. पाहता पाहता सगळे टेबल मेलेल्या झुरळांनी भरल्यासारखे दिसू लागले.

"अहो नाना, रंग खरचटेल!" कुणी ओरडले.

"वय झालं आता," दुसरा शेजाऱ्याच्या कानात कुजबुजला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे.

नाना शांतपणे मधल्या टेबलाशी आले. हिरव्या गाडीला त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "श्रीरंगा, तुझी तू उलटी कर."

"नाना, चाकं नाजूक आहेत..."

"आहेतच. म्हणून तर तुला सांगतो."

श्रीरंगाने गाडी उचलली. गाडीचे वजन ते किती! पण ती उलटी करायला हात वळेना. नाही म्हणावे तर सगळे पाहत होते. उलटी करावी तर मागच्या खुर्चीवरून बायको एकटी पाहत होती. शेवटी त्याने गाडी उताणी ठेवली. पोटावर त्याचा अंगठा होता, आणि त्याच्या शेजारी एक काळा ठिपका, बाकीच्या रंगाहून ताजा, चकचकीत.

लोकांना त्यातले काही कळले नाही. ते नानांच्या गाड्यांवरचे ठसे कौतुकाने पाहू लागले. श्रीरंगाची मान मात्र वर झाली नाही.

गर्दी ओसरल्यावर तो बाहेरच्या पायरीवर नानांपाशी येऊन बसला. "नाना, तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठे कळलं होतं? ठसे दाखवावेत म्हणून मी सगळ्यांच्याच गाड्या उलट्या करायला निघालो होतो. तुझा हात अडला, तेव्हा कळलं."

मग नानाच पुढे म्हणाले, "अरे, या गाडीत बसायची जागा एकच. दोघं बसूच शकत नाहीत. शर्यत जिंकली की हार एकाच्याच गळ्यात पडणार. त्यात लबाडी नाही, जागाच तेवढी आहे. म्हणून तर मी पोटाची रीत ठेवली. वर एकच मावतो, खाली सगळे मावतात. वरची जागा तुझीच होती, बाबा. सूनबाईनं ती कधी मागितलीही नव्हती. तू खालचीही का घेतलीस?"

घरी जाताना बायको दोन पावले पुढे चालत होती. रिकामा डबा पिशवीत खुळखुळत होता. कोपऱ्यावर श्रीरंगाने धीर केला. "अगं, आज सकाळी मी एक..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "ब्रश धुवायला मोरीवर माझ्यासमोरच ठेवून गेला होतात."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर श्रीरंगाला बरे वाटले असते. सकाळी तिने तो ब्रश धुतला होता, आणि मग त्याच हातांनी त्याच्यासाठी डबा भरून ती मागच्या खुर्चीवर येऊन बसली होती.

घरी येताच त्याने नखाने काळा रंग खरवडला. रंगाचा पापुद्रा निघाला, पण त्याच्याबरोबर करंगळीचा ठसाही निघून आला. खाली उघडा पत्रा राहिला. तो गाडी आणि रंगाची डबी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"पुन्हा एकदा... टेकवतेस?"

ती कणीक मळत होती. "हात पिठात आहेत," म्हणाली. मग त्याचा चेहरा पाहून जरा थांबली. "आणि या गाडीला आता नकोच. ते समजूत काढल्यासारखं होईल. पुढच्या गाडीचं बघू."

श्रीरंगाने ती गाडी कपाटात उताणीच ठेवली, उघडा पत्रा वर करून. आजही कुणी पाहायला आले तर ते काही विचारायच्या आधीच तो सांगतो, "चाकं हिनं ओवली आहेत." आतून भांड्यांचा आवाज जरा वेळ थांबतो, आणि पुन्हा सुरू होतो.

ज्याला टाळ्या मिळाल्या, त्याने घरी गेल्यावर एवढे एक आठवून पाहावे: ब्रश कुणी धुतला?