बूड नसलेली पायली

एका राज्यात, जिथे पाखरं माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकत, दर चैत्रात वर्षसंकल्पाचा दरबार भरे. राजाचं कोठार चांदीच्या पायलीनं मापून वर्षाची वाटणी होई. सैन्याला किती, रस्त्यांना किती, राजवाड्याला किती. पायली दिसायला लहान, पण मांत्रिकानं घडवलेली. तिच्यातून एकदा ओतलेलं वर्षभर पुरे. मापारी पहिल्या पायलीला "एक" म्हणत नसे, "लाभ" म्हणे. लाभाची पायली पेजघराची. तिथे लहान लेकरांना आणि बाळंतिणींना रोज ऊन ऊन पेज मिळे. मग एक, मग दोन, मग तीन.

त्या वर्षी दिवाण नवा होता. तो म्हणाला, "महाराज, लाभ हा कुठला आकडा? एकापासून मोजू. वाचेल त्यात किल्ल्याची भिंत हातभर वाढेल. पेजघराला शेवटी उरेल ते देऊ."

राजाला उंच भिंतीची भारी हौस. तो म्हणाला, "बरं."

मापाऱ्यानं "एक" म्हटलं आणि पायलीचं बूड नाहीसं झालं. धान्य आरपार गेलं आणि भुईला लागलं ते खडे होऊन.

पेजघराची चूल विझली. सगुणा वाटी घेऊन आली तेव्हा दाराला कडी होती. कडेवर दहा महिन्यांची मंजुळा. घरधनी भिंतीवर दगड वाहायला गेलेला, त्याला मजुरीत खडेच मिळत. चार दिवस घरात नुसतं मिठाचं पाणी उकळत होतं. सगुणा घटकेघटकेला लेकीच्या हातातली मण्यांची मनगटी चाचपून बघे. परवा ती कोपरापर्यंत सरकत होती. आज दंडापर्यंत गेली.

राजानं दवंडी पिटवली, बूड आणील त्याला अर्धं राज्य. सात सरदार गेले. काळ्या डोंगरावर सात नवे दगड उभे राहिले.

पेजघराच्या वळचणीतून साळुंकी म्हणाली, "बूड मांत्रिकानंच काळ्या डोंगरातल्या गुहेत नेलंय. चल, वाट दाखवते."

"लेकरू घेऊन?"

"मग काय सरदारांपाशी ठेवतेस?"

सगुणा निघाली.

गुहेच्या तोंडाशी जाळ होता. मांत्रिक पलीकडे बसला होता. म्हणाला, "शंभर वर्षं हा झोपला नाही. याला निजव. सरदारांनी पाणी ओतलं, तो उलट भडकला."

सगुणा खाली बसली. रोज चुलीशी करी तसंच तिनं केलं. काटकीनं निखारे मधे ओढले, वर राख लोटली, हलकेच थोपटली. जाळ घोरू लागला.

मांत्रिक म्हणाला, "आत ये. हे सोनं, हे मोती, हे तांदूळ. शापाचं धन आहे. गरजेपुरतं घे. जास्त घेतलंस तर दगड, कमी घेतलंस तरी दगड."

सगुणेनं तांदळाखाली पदर पसरला. आजचे झाले, पण उद्याचे? परवाचे? पाऊसकाळात काय? पदर भरत चालला, तिची बोटं जड, गार होऊ लागली. साळुंकी ओरडली, "अगं, नखं बघ तुझी!" नखं दगडाची झाली होती. तेवढ्यात मंजुळा कडेवरून ओणवी झाली आणि तिनं एक मूठ तांदूळ धरले. सगुणेनं पदर सोडून दिला. तांदूळ सांडले.

"हिच्या मुठीत मावले तेवढेच," ती म्हणाली. नखं पुन्हा नखं झाली.

"आता शेवटचं," मांत्रिक म्हणाला. "एकाच्या आधी काय असतं? सरदारांना बाहेरूनच विचारलं, तर म्हणाले, काही नसतं."

"लाभ असतो," सगुणा म्हणाली. "आमच्याकडे सुपानं जोंधळे मापले तरी तसंच म्हणतात."

"आणि तो कुणाचा?"

"ज्याला अजून बोलता येत नाही त्याचा. बोलणारे आपापलं मागून घेतात."

मांत्रिकानं मांडीखालून भाकरीएवढं चांदीचं बूड काढून दिलं. म्हणाला, "पहिली पायली राजानं स्वतः घालावी. पुन्हा चुकला तर मी दार उघडणार नाही."

दरबारात बूड पायलीला आपसूक चिकटलं. दिवाण पुढे आला. "महाराज, निदान लाभ कुणाच्या नावे मांडू ते तरी सांगा."

सगुणा पुढे झाली आणि म्हणाली, "दिवाणजी, हिला रडता येतं, नाव सांगता येत नाही. तुम्ही हिचा हात बघा." आणि तिनं मनगटी दंडापर्यंत सरकवून दाखवली.

राजा ती बघतच राहिला. मग सिंहासनावरून उतरला, बाह्या सारल्या, पायली भरली आणि मोठ्यानं म्हणाला, "लाभ!"

धान्य धान्यच राहिलं. डोंगरावरचे सातही सरदार अंग झटकत खाली आले आणि आधी जेवायला बसले.

"अर्धं राज्य घे, बाई," राजा म्हणाला.

"ते धरू कुठे, महाराज? कडेवर ही आहे. लाभ पुन्हा खाली सरकणार नाही, एवढी दवंडी पिटवा."

दवंडी पिटली. भिंत हातभर ठेंगणी राहिली, तिच्यावर साळुंक्या बसू लागल्या. दिवाण दर चैत्रात स्वतः मापाऱ्याशेजारी उभा राहून पहिला आकडा ऐकू लागला.

पेजघराची चूल पेटली. मंजुळेनं दोन वाट्या खाल्ल्या, तिसरी साळुंकीवर सांडली. दोन महिन्यांनी मनगटी मनगटातच रुतू लागली. सगुणेनं दोरा तोडला, दोन मणी जास्त ओवले आणि नवी गाठ मारली. ही कथा ऐकणाऱ्यांच्या घरीही मण्यांची अशीच गरज पडो.