मठाजवळचं वळण

"...आणि हा रस्ता इथं वाकडा का रे, वैजू? पट्टीवर अंगठा आला होता का?"

बाळगीर महाराजांचं बोट नकाशावर एका जागी थांबलं होतं.

वैजनाथ हसला. बेचाळीस वर्षांचा माणूस, धामणतीर्थ नगरपालिकेचा नगररचनाकार. पण मठाच्या ओसरीवर मांडी घालून बसला की अजून शाळकरी पोरासारखा हसायचा. याच ओसरीवर महाराजांनी त्याच्याकडून भूमितीच्या रेघा काढून घेतल्या होत्या. पट्टी दाबून धरताना अंगठा कडेबाहेर यायचा, पेन्सिल त्याला वळसा घालायची आणि रेघेला टेंगूळ यायचं. महाराज म्हणायचे, "अंगठा आत घे. रेघ सरळ हवी." यापेक्षा जास्त काही शिकवलं नाही म्हणा, पण तेवढ्यावर पोराला नोकरी लागली.

आज शासनाची मंजुरी आली होती. गावाचा नवा विकास आराखडा, पुढच्या वीस वर्षांचा. वैजनाथ पेढे घेऊन, नकाशाची गुंडाळी काखेत मारून थेट मठात आला होता.

नकाशा मोठा देखणा. पिवळा रंग म्हणजे घरं, निळा म्हणजे दुकानं, हिरवा म्हणजे बाग. आज जिथं उकिरडा आहे तिथंसुद्धा नकाशात हिरवंगार होतं. एस.टी. स्टँडपासून जुन्या बाजारपेठेपर्यंत साठ फुटी रस्ता, दोन्ही अंगांना दुकानांची संकुलं आणि गावाबाहेर माळावर घरकुलांच्या चार इमारती. मेलेल्या बाजारपेठेत पुन्हा जीव येणार, असं प्रस्तावनेत छापलं होतं. प्रस्तावना वैजनाथनंच लिहिली होती.

रस्ता स्टँडवरून नाकासमोर निघत होता. मठापाशी आला की उजवीकडे कलत होता, मठाला वळसा घालत होता आणि पुन्हा सरळ होत होता.

"अंगठा नव्हता, महाराज. मुद्दाम वळवलाय."

"का?"

"सरळ नेला असता तर मठ जात होता."



वैजनाथला वाटलं, सांगायची वेळ हीच. तीन वर्षं त्यानं हे मनात जपून ठेवलं होतं.

"आमदारांच्या मेव्हण्याचं गोदाम आड येत होतं. मी रेघ हलवली नाही. नगराध्यक्षांचं हॉटेल अर्धं जातंय. माझी बदली करायला निघाले होते, तरी हलवली नाही. अख्ख्या आराखड्यात एकच वळण आहे, महाराज. ते आपल्यासाठी. ही माझी गुरुदक्षिणा समजा."

यात खोटं काही नव्हतं. वैजनाथ खरोखरच सरळ माणूस होता. आपण सरळ आहोत हे त्याला फार चांगलं ठाऊक होतं, एवढीच काय ती खोट.

"बरं," महाराज म्हणाले. "मठ राहिला. मग रस्ता कुठं गेला?"

"पूर्वेला. चाळीस फूट."

"पूर्वेला काय आहे?"

वैजनाथनं नकाशात पाहिलं. खरं तर पाहायची गरज नव्हती. पलीकडे कुणीतरी बांबू चिरत होतं आणि त्याचा आवाज ओसरीवर स्पष्ट येत होता.

"बुरूड गल्ली."

"घरं किती?"

"छत्तीस..."

महाराजांनी बोट उचललं नाही.

"त्यांना वाऱ्यावर सोडलेलं नाही, महाराज," वैजनाथ घाईनं म्हणाला. "प्रत्येकाला माळावर घर दिलंय. दोन खोल्या, आत नळ, आत संडास. आज ते कशात राहतात हे आपण रोज बघताच. आणि लोकांचा विरोधही नाही. कायद्याप्रमाणे तीस दिवस हरकती मागवल्या. चारशे बारा आल्या. एकेक मी स्वतः वाचली. बुरूड गल्लीतून एकही नाही!"

हे शेवटचं तो अभिमानानं बोलला.

महाराजांचा चेहरा उतरला. हातातला पेढा त्यांनी डब्यात परत ठेवला.

"एकही नाही?"

"एकही नाही."

महाराज उठले. ऐंशीच्या घरातला माणूस, गुडघे धरत उठला आणि ओसरीच्या टोकाला जाऊन त्यानं हाक मारली.

"गजराक्का..."

बुरूड गल्ली इतकी अरुंद की बांबूचा ट्रॅक्टर आत जात नाही. म्हणून माल मठाच्या भिंतीला लावून ठेवायचा आणि लागेल तसा एकेक बांबू खांद्यावरून घरी न्यायचा, ही तिथली जुनी रीत. गजराक्का भिंतीपाशी बांबू वाजवून वाजवून निवडत होती. गल्लीतली सगळ्यांत जुनी बाई. तिनं विणलेल्या धान्याच्या कणग्या पंचक्रोशीत होत्या. खांद्यावर बांबू तसाच घेऊन ती आली.

"गजराक्का, रस्त्याची आवई उठली तेव्हा तुम्ही गल्लीतली सगळी कुठं गेला होता? साहेबांना सांग."

"कुटं म्हंजी? हितंच की." ती गोंधळली. "तुमच्याकडं आलो हुतो सगळी. आमी म्हनलं, म्हाराज, रस्ता आमच्या गल्लीतनं जानार म्हनत्यात, नगरपालिकेत कागद द्यावा का? माज्या ल्योकानं तर लिवूनबी आनला हुता."

"आणि मी काय म्हणालो?"

ती वैजनाथकडे बघून जराशी लाजली.

"तुमी म्हनला, तिथं माजा वैजू हाय. त्येची रेघ सरळ असती. कागद दिऊ नगा, त्येला वाईट वाटंल."

"मग कागदाचं काय केलंत?"

"चुलीत घातला, म्हाराज."



 चारशे बारा हरकती वैजनाथनं डोळ्यांत तेल घालून वाचल्या होत्या. चारशे तेरावी याच ओसरीपर्यंत आली होती, आणि गुरूंनी ती त्याच्यावरच्या मायेपोटी परत धाडली होती.

"काय झालं, म्हाराज?" गजराक्कानं विचारलं. "जातोय का रस्ता गल्लीतनं?"

"जातोय."

तिनं बांबूचं एक टोक जमिनीला टेकवलं.

"आन आमी?"

उत्तर वैजनाथला द्यावं लागलं. माळावरच्या इमारती, दोन खोल्या, नळ. मघाशी जे अभिमानानं सांगितलं होतं तेच आता तो नकाशाकडे बघत सांगत होता. खालचे मजले आधीच्या यादीतल्यांना गेले होते. बुरूड गल्लीला तिसरा आणि चौथा.

गजराक्कानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिनं एकच विचारलं.

"वर बांबू कसा न्यायाचा, सायेब?"

"जिना आहे ना. चांगला रुंद जिना आहे."

"वैजू," महाराज म्हणाले, "तो बांबू घे. माडीवर ने."

मठाचा जिना मधे एकदा वळतो, माळावरच्या इमारतींचा वळतो तसाच. वैजनाथनं बाह्या सारल्या. गुरूंची आज्ञा, आणि त्यात अवघड ते काय, असं त्याला वाटलं.

पुढचं टोक भिंतीला लागलं. त्यानं बांबू तिरका केला, तर मागचं टोक दाराच्या चौकटीत अडकलं. उभा केला, तर तुळईला अडला. त्यानं मागे घेतला, पुन्हा पुढे रेटला, एकदा खाली बसून ढकलला. वरून चुन्याचा पापुद्रा सुटून त्याच्या डोक्यात पडला. इंजिनियर माणूस, कोन कळत होता, लांबी कळत होती. फक्त बांबूला ते कळत नव्हतं.

घामाघूम होऊन तो बाहेर आला. केस चुन्यानं पांढरे झाले होते.

"वळत नाही, महाराज."

"मग?"

"तोडावा लागेल. दोन तुकडे केले की जाईल."

गजराक्का हसली. पोराला समजवावं तसं तिनं त्याला सांगितलं, "तुकड्याचं काय हुतंय, सायेब? कनगी, मांडवाचा तट्टा, ह्ये समदं अख्ख्या बांबूच्या कांबीचं असतंय. तुकड्याच्या परड्या हुत्यात. परड्यांवर घर चालत न्हाई."

महाराज वैजनाथकडे बघत होते.

"साठ फुटी रस्ता वळवलास, वैजू. वीस फुटी बांबू वळेना?"

वैजनाथचा तोल सुटला. इतकी वर्षं धरून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

"मी स्वतःसाठी काय केलं, महाराज? एक पैसा घेतला नाही कुणाचा! एक पैसा!"

"घेतला असतास तर बरं होतं. परत करता आला असता."

वैजनाथ ओसरीच्या पायरीवर बसला. बांबू त्याच्या मांडीवर आडवा होता.

"रेघ सरळ करून आण," महाराज म्हणाले.

"मठ जाईल."

"जाऊ दे."

"होत नाही, महाराज." त्याचा आवाज खाली गेला. "मंजुरी झाली. आता फेरबदल करायचा तर प्रस्ताव सभेत न्यावा लागतो. सभेत नगराध्यक्ष बसलेत. ते आधी आपलं हॉटेल सोडवतील. मग आमदारांचं गोदाम. मग सगळा रस्ताच वाकडा होईल, आणि गल्ली तरीही जाईल. कुणाला पुन्हा हात लावता येऊ नये असाच केला होता मी आराखडा."

आपण किती पक्कं काम केलंय हे त्याला आज पहिल्यांदा कळत होतं.

"म्हंजी आमी कागद दिला असता तर..." गजराक्का थांबली. "तर काय झालं असतं, सायेब?"

"सुनावणी झाली असती."

"मंग?"

"तुम्ही समोर उभ्या राहिला असतात. रस्ता का वळवला, हे मला तुम्हाला सांगावं लागलं असतं."

"काय सांगितलं असतंसा?"

 चार माणसांत, टेबलापलीकडे बसून, या बाईच्या डोळ्यांत बघून सांगता येईल असं एकही कारण वैजनाथकडे नव्हतं. रेघ तिथंच सरळ झाली असती.

गजराक्कानं मान हलवली. तिला उत्तर मिळालं होतं.

"तुमीच म्हनला हुता, म्हाराज," ती हळूच म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. जे झालं होतं ते ती सांगत होती, आणि म्हणून ते ऐकवत नव्हतं.

महाराज खाली बसले. नकाशा त्यांनी स्वतःच्या हातानं गुंडाळला, दोरी बांधली आणि वैजनाथच्या शेजारी ठेवला.

"अंगठा माझा होता, वैजू."

मग ते आत गेले. बाहेर आले तेव्हा खांद्यावर घोंगडी होती आणि हातात तांब्या. मठातल्या साठ वर्षांत त्यांनी एवढंच जमवलं होतं. दाराला कडीसुद्धा घातली नाही.

"गजराक्का, गल्लीत मला टेकायला जागा होईल?"

"अवो म्हाराज, मठ सोडून? आन आमालाच तर उठवायलेत."

"मग मीही उठेन तुमच्याबरोबर."

ती नको नको म्हणत राहिली. महाराजांनी वैजनाथच्या मांडीवरून बांबू उचलला आणि मागचं टोक आपल्या खांद्यावर घेतलं. बांबू अर्धा अधांतरी राहिला, तेव्हा तिला पुढचं टोक धरावंच लागलं.

वैजनाथ धडपडत उठला.

"महाराज, मठासाठीच तर मी हे सगळं..."

 नकाशात मठाभोवती हिरवा रंग होता. परिसर सुशोभीकरण, दगडी बाक, एक कारंजं. साठ फुटी रस्ता आता मोठ्या आदबीनं एका रिकाम्या घराला वळसा घालून जाणार होता.

तो वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले.

"आज नको."

"मग कधी, महाराज?"

महाराज चालू लागले होते. गल्लीच्या तोंडाशी गजराक्कानं बांबूचं टोक जरा उचललं, महाराजांनी मागचं जरा खाली केलं, आणि तो अख्खाच्या अख्खा सहज आत गेला.

"कधी येऊ, महाराज?" वैजनाथनं मागून पुन्हा विचारलं.

महाराजांनी वळून पाहिलं नाही.

"चौथ्या मजल्यावर ये. येताना एक बांबू आण... अख्खा."