धडधाकट गुडघ्याची गोष्ट

अमेरिकेतल्या एका गावात पोरं निवडणारा एक माणूस होता. पोटापाण्याचा धंदाच तो. नाव वॉल्टर.

तिकडे फुटबॉल म्हणून एक खेळ आहे. नाव पायाचं, पण खेळतात बहुतेक हाताने. चेंडूही गोल नाही, सोललेल्या नारळासारखा दोन्हीकडे टोकदार. एक जण तो लांब फेकतो आणि समोरचे दांडगे त्यालाच आडवा पाडायला धावून येतात. त्याला वाचवायला पुढे पाच राखणदार उभे असतात. राखणदाराने चेंडूला हात लावायचा नाही, गुण मिळवायचे नाहीत, फक्त जागचं हलायचं नाही. टाळ्या फेकणाऱ्याला, ढुशा राखणदाराला. घरोघरी हेच चालतं, तेव्हा समजायला अवघड नाही.

दर वर्षी कॉलेजातून बाहेर पडणारी चांगली पोरं मोठे संघ पाळीपाळीने निवडून घेतात. जो संघ सगळ्यात जास्त हरला, त्याची पाळी पहिली. हरणाऱ्याला आधी वाढायचं, ही रीत चांगलीच आहे. पण पहिल्या पंगतीला बसून उपाशी उठणारेही असतात.

वॉल्टरच्या संघाचं नाव रानरेडे. मालकीण क्रँडलबाई. नवरा गेल्यावर सगळे म्हणाले, विकून टाका. बाईंनी विकला नाही, स्वतः हाकला. त्यांनी वॉल्टरला बोलावून घेतलं.

"वॉल्टर, आपला फेकणारा यंदा त्रेपन्न वेळा आडवा झाला. त्याची आई मला पत्रं लिहिते."

"बाईसाहेब, नशीब..."

"नशीब नको, राखणदार आण. तीन वर्षं तू मला उंच पोरं आणलीस, देखणी पोरं आणलीस. आता भिंत आण. या खेपेला चुकलास तर टोपी उचल आणि घरी जा."

वॉल्टर आळशी नव्हता, हे सांगायला हवं. त्याने भिंत आधीच शोधून ठेवली होती. एझ्रा टकर नावाचा बावीस वर्षांचा गडी. बापाचा गाईंचा गोठा, आई हिल्डा, आणि अंग असं की दारातून आडवं शिरावं. वॉल्टरने त्याचे अकरा सामने पाहिले होते, बोचऱ्या वाऱ्यात, थर्मासातली थंड कॉफी पीत. अकरा सामन्यांनंतर वहीत एकच ओळ लिहिली: 'हा हलत नाही.'

आता अडचण एवढीच, की वॉल्टरची पाळी नववी. आधीचे आठ जण एझ्राला सोडतील कशाला?

निवडीच्या महिनाभर आधी सगळ्या पोरांना एका शहरात गोळा करतात आणि बैलबाजारात दात बघावेत तसं त्यांना बघतात. वजन करतात, पळवतात, उड्या मारायला लावतात. पंजा फाकवून पट्टीने मोजतात. अक्कल मोजायची पट्टी अजून निघालेली नाही. निघाली तर आधी निवडणाऱ्यांनाच लावावी लागेल.

तिथे सगळे निवडणारे एकाच हॉटेलात उतरले होते. सकाळी नाश्त्याला वॉल्टर पहिल्या पाळीवाल्याशेजारी जाऊन बसला. अंड्यावर मीठ टाकता टाकता हळूच म्हणाला, "तो टकर. बिचाऱ्याचा डावा गुडघा... जाऊ दे. मी काही बोललो नाही."

खोटं बोलण्यात ही सगळ्यात पक्की तऱ्हा. सांगायचं, आणि लगेच परत घ्यायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढं झाकतोय म्हणजे खरंच असणार.

दुपारच्या जेवणापर्यंत एझ्राच्या गुडघ्याची वाटी सरकली. चहाच्या वेळेला त्यात तार बसली. दुसऱ्या दिवशी तार गंजली. आठवड्याने एका वर्तमानपत्राने छापलं, की टकर घराण्यात गुडघे टिकतच नाहीत, आजोबाही काठी घेऊन चालायचे. आजोबा नव्वदीचे होते, हे छापायचं राहिलं.

फक्त एका माणसाला यातलं काहीच कळलं नाही. दहाव्या पाळीचा म्हातारा रीम्झ. सत्तरी ओलांडलेला, कानाने पार बहिरा. त्याच्याही कानाशी एक जण लागला होता. रीम्झने कानामागे हात धरून विचारलं, "काय? मोठ्याने बोला!" सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. सांगणारा ओशाळून निघून गेला. कुजबूज ओरडून कशी सांगणार?

वॉल्टर गावी परतला तो शीळ घालत. इकडे त्याचा मदतनीस नेल्सन दार लावून घेत म्हणाला, "साहेब, वाईट बातमी. टकरचा उजवा गुडघा गेलाय."

वॉल्टर खो खो हसला. "अरे, डावा! ती बातमी मीच..." आणि थांबला. "काय म्हणालास? उजवा?"

"उजवा. तिघांनी सांगितलं, वेगवेगळ्या."

वॉल्टर खुर्चीत बसला. आपण सोडलेला गुडघा डावा. हा उजवा. म्हणजे ही आपली बातमी नाहीच. ही दुसरी. ही खरी!

शहाणा माणूस बिघडला की असाच बिघडतो. घसरतोसुद्धा हिशेबाने, पायरी पायरीने.

त्याने टकरांच्या घरी फोन लावला. एझ्राने उचलला.

"काय रे, गुडघे कसे आहेत?"

"बरे आहेत, साहेब."

वॉल्टरने फोनवर हात ठेवला आणि नेल्सनकडे बघून म्हणाला, "बघ. दोन्हीबद्दल बोलतोय."

तेवढ्यात पलीकडे आईने फोन ओढून घेतला. "कोण तुम्ही? पंधरा दिवस जो तो माझ्या पोराचे गुडघे विचारतोय. पोरगं जेवत नाहीये. आज सकाळी त्याने चिखलात रुतलेली गाय ढकलून बाहेर काढली. गाईला विचारा! नाहीतर स्वतः या, दोन्ही गुडघे घरीच आहेत."

"बाई, आम्ही कामात असतो."

"कामात? माणसं बघणं हेच ना तुमचं काम?" म्हणून बाईंनी फोन आपटला.

वॉल्टर म्हणाला, "आई एवढी चिडली म्हणजे पाणी मुरतंय."

त्याच आठवड्यात म्हातारा रीम्झ मात्र गाडी हाकत गोठ्यावर जाऊन आला. त्याला फोनवर ऐकू येत नव्हतं, म्हणून तो सगळीकडे जायचाच. कुंपणावर हात टेकून दिवसभर बसला, हिल्डाबाईंनी दिलेलं दूध प्यायला. निघताना एझ्राला खांद्याने एक ढुशी दिली. म्हातारा मागे गेला, एझ्रा नाही.

निवडीचा दिवस उजाडला. मोठं सभागृह, दिवे, गर्दी. प्रत्येक पाळीला दहा मिनिटांचं घड्याळ. पहिल्याने एझ्राला सोडलं. दुसऱ्यानेही. तिसऱ्याने, चौथ्याने... आठव्यानेसुद्धा सोडलं. वॉल्टरची युक्ती कशी अगदी ठरवल्याप्रमाणे फळाला आली होती.

क्रँडलबाई पुढे वाकून म्हणाल्या, "तुझी भिंत अजून उभीच आहे की! घे पटकन."

वॉल्टरच्या कपाळावर घाम. "बाईसाहेब, आठ जणांनी सोडलाय."

"मग चांगलंच झालं!"

"आठही जण मूर्ख असतील का? त्यांना काहीतरी माहीत असणार."

"तू स्वतः पाहिलास ना त्याला?"

"अकरा वेळा."

"कधी हलला?"

"नाही."

"मग?"

"पण सगळे म्हणतात!"

घड्याळात एक मिनिट उरलं. खिशात वही होती, वहीत ती ओळ होती. वॉल्टरने वही काढलीच नाही. त्याने नाव पुकारलं ते प्रेस्टन नावाच्या पोराचं. सगळ्यात उंच, सगळ्यात मोठा पंजा, दात पांढरेशुभ्र.

दहावी पाळी. रीम्झ उठला आणि बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात म्हणाला, "टकर!"

सभागृहात हसू फुटलं. रीम्झला तेही ऐकू आलं नाही.

पुढच्या हंगामात रानरेड्यांचा सामना रीम्झच्या संघाशी पडला. रानरेड्यांचे दांडगे एझ्रावर धावून गेले आणि बोरीच्या काट्यात शेळ्या अडकाव्यात तसे जागच्या जागी धडपडत राहिले. त्याच्यामागचा फेकणारा आरामात उभा. इकडे प्रेस्टन वाऱ्याच्या झुळकीला बाजूला होत होता, अगदी देखणेपणाने. रानरेड्यांचा फेकणारा एका सामन्यात सात वेळा आडवा झाला. आता त्याची आई पत्र लिहीत बसली नाही. स्वतःच आली.

क्रँडलबाई तरातरा चालत रीम्झजवळ गेल्या आणि त्याच्या कानाशी ओरडल्या, "तुम्हाला त्याच्या गुडघ्याची भीती नाही वाटली?"

रीम्झने विचारलं, "कसला गुडघा?"

बाई मग मागावरच लागल्या. नेल्सनला विचारलं, ही बातमी कुणी दिली? त्याने एकाचं नाव सांगितलं. त्या एकाने दुसऱ्याचं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. होता होता गाडी पहिल्या पाळीवाल्यापाशी येऊन थांबली. तो म्हणाला, "बाईसाहेब, मला काय विचारता? तुमच्या वॉल्टरनेच सांगितलं. अंड्यावर मीठ टाकताना."

बाईंनी वॉल्टरला बोलावलं. टोपी त्यांनी स्वतःच खुंटीवरून काढून ठेवली होती.

"वॉल्टर, लोकांना फसवणारे मी पुष्कळ पाहिले. पण स्वतःच्या थापेला स्वतः फसून वर माझा राखणदार घालवणारा तू पहिलाच. आणि त्या पोराची सगळीकडे बदनामी केलीस ती वेगळीच. टकरबाईंना पत्र लिही, माफी माग. मग जा."

वॉल्टरने पत्र लिहिलं, टोपी घातली आणि दुसऱ्या संघांकडे काम मागायला निघाला. पण बातमी त्याच्या आधीच पोचली होती. पहिल्या गावी एक जण शेजाऱ्याला हळूच म्हणताना वॉल्टरने ऐकलं, "तो वॉल्टर. त्याचा डावा डोळा... जाऊ दे. मी काही बोललो नाही." दुसऱ्या गावी ऐकलं, उजवा. तिसऱ्या गावी पोचल्यावर वॉल्टर काम मागायला गेलाच नाही. तो थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन बसला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या कानात सोडलेली थाप गावभर फिरून शेवटी आपल्याच घरी मुक्कामाला येते. आणि ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सोडून लोकांच्या तोंडचं धरलं, त्याच्यापेक्षा बहिरा बरा.